ओठावर फुटलेला ताप

चिंचवडगावात सुमनताईला विचारल्याशिवाय कुणी साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नसे. डॉक्टर नव्हती ती, नर्सही नव्हती. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. बाटल्यांवर लेबलं डकवायची, बाटल्या खोक्यात भरायच्या, संपलं काम. पण गावाला तेवढं पुरे होतं. औषधाच्या कारखान्यात जाते म्हणजे तिला औषधातलं कळणारच, नाही का! आणि खरं सांगायचं तर सुमनताईलाही तसं मानलेलं आवडायचं. कुणी पोर घेऊन दारात आलं की ती आधी त्याच्या कपाळाला हात लावायची, मग जीभ बघायची आणि ठासून सांगायची, "काही नाही, पित्त आहे." बरेचदा पित्तच निघायचं. त्यामुळं तिची पत वाढत गेली, आणि पुढं घात केला तो याच नावलौकिकानं.

बाप गेला तेव्हा ती नुकती मॅट्रिक झालेली. मागं आई चतुराबाई आणि धाकटा भाऊ दौलत. कारखान्यात बायका घेतायत असं कळलं आणि ही पदर खोचून गेली. दौलतला तिनं शिकवलं, कंपनीत फिटर म्हणून चिकटवलं. या सगळ्यात तिचं लग्न राहून गेलं. कुणी मुद्दाम अडवलं नाही, पण घाईही केली नाही. कमावत्या पोरीची घाई कोण करतो! घरात मात्र तिचा शब्द शेवटचा. चतुराबाई तोंडानं फाटकी, पण लेकीनं "आई, पुरे" म्हटलं की गप्प बसायची.

दौलतची बायको हौसा, महाळुंग्याची. चाकणच्या पुढं कांदा पिकवणारं घर. आली तेव्हा बुजरी होती, पण दोन महिन्यांत सुमनताईच्या मागं मागं फिरायला लागली. ताईची शिफ्ट सुटायच्या वेळेला चुलीवर तवा ठेवायची, म्हणजे नणंदेला गरम भाकरी मिळावी. "वन्सं, बसा आधी, पाय दुखत असतील," म्हणायची. नणंद-भावजयीचं सूत असं जमलेलं पाहून शेजारणी कुजबुजायच्या, आणि सुमनताई त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "जळा मेल्यांनो, जळा!"

सहासष्ट साली हौसाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, रीतच आहे. पण सुमनताईनं ऐकलं नाही. "खेड्यात कुठं पाठवता? इथं दवाखाना आहे, मी आहे." न्यायला आलेल्या हौसाच्या भावाचं तोंड उतरलं, पण कमावत्या नणंदेपुढं बोलणार कोण? मुलगा झाला. चांगला गुटगुटीत, काळ्याभोर जावळाचा. आत्यानं नाव आधीच ठरवून ठेवलं होतं. नंदकिशोर.

बाळ घरी आलं आणि सुमनताईलाच ताप भरला. सपाटून भरला, सांधे न् सांधे दुखायला लागले. आता बघा, त्या वेळी ती किती शहाणपणानं वागली. आपलं अंथरूण तिनं बाहेरच्या खोलीत टाकलं, भांडं वेगळं केलं, आणि दारातून ओरडायची, "बाळाला इकडं आणू नका गं! माझं त्याला लागेल." बाळाचा नुसता आवाज ऐकत पडून राहायची. जीव तुटायचा तिचा. आयुष्यात मूल म्हणून जे काही तिच्या वाट्याला यायचं होतं ते भिंतीपलीकडं टॅहां टॅहां करत होतं, आणि हिला त्याच्या पायाचा अंगठाही धरता येत नव्हता.

बारशाच्या आदल्या दिवशी ताप उतरला. खालच्या ओठाच्या कडेला पाण्यानं भरलेल्या बारीक फोडांचा झुबका उठला, चुरचुरायला लागला. चतुराबाईनं तो पाहिला आणि कडाकडा बोटं मोडून लेकीची दृष्ट काढली.

"फुटला बाई येकदाचा! ताप ओठावर फुटला म्हंजी अंगातनं गेला. आता काय भ्या न्हाई. उद्या घे पोराला."

ही समजूत तिच्या एकटीची नव्हती. साऱ्या पंचक्रोशीची होती. ओठ फुटले की माणूस बरं झालं, ते अंघोळ करून माणसांत येतं. ताप होता तोवर सुमनताई लांब राहिली, आणि फोड आले म्हणून जवळ गेली. नेमकं उलटं करायला हवं होतं, हे सांगणारं तिथं कोण होतं? कुणी नव्हतं.

बारसं दणक्यात झालं. पाळण्याला झिरमिळ्या लावल्या, बायकांनी गोविंद घ्या, गोपाळ घ्या करत बाळ पाळण्याखालून-वरून फिरवलं. आत्या पुढं झाली, बाळाच्या कानाला तोंड लावून तिनं "कुर्र" केलं, नाव सांगितलं, आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. मग तिनं बाळाला जे उचललं ते खाली ठेवीचना. गालाचे, कपाळाचे, कानशिलाचे, जावळाचे मुके. इतके दिवस साठवलेले सगळे तिनं एकदम घेतले. हौसा हसून म्हणाली, "वन्सं, थोडं ठेवा की उद्याला!"

आठवडा गेला आणि बाळ शांत झालं. रडणं कमी, झोप फार. शेजारीपाजारी कौतुक करायला लागले, काय गुणाचं पोर आहे, आईला त्रास नाही. हौसा मात्र कामावरून आलेल्या नणंदेपुढं बाळ घेऊन उभी राहिली.

"वन्सं, ह्यो ओढत न्हाई. तोंडात देते, पन तसाच झोपतो."

सुमनताईनं नेहमीसारखा कपाळाला हात लावला. अंग गार. पोटाला लावला, तेही गार. "ताप नाही काही," ती म्हणाली. "पोट भरलेलं असेल. झोपू दे त्याला. ताप असता तर मी स्वतः उचलून नेला असता." आणि ते खरंच होतं. ताप असता तर ती अनवाणी धावली असती.

दुसऱ्या दिवशी बाळाच्या कानशिलावर चार-दोन फोड दिसले. चतुराबाई म्हणाली उष्णता आहे, सब्जाचं बी भिजवून लावा. तिसऱ्या दिवशी बाळाचे डोळे फिरले, हात ताठ झाले, आकडी आली. दौलतनं कुणाचा तरी टेंपो अडवला आणि पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जे हातात होतं ते केलं. मेंदूला सूज आली आहे म्हणाले, फार उशिरा आणलंत म्हणाले. सुमनताईनं विचारलं, "पण ताप तर नव्हता हो!" डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडं वळले होते. नंदकिशोर त्याच रात्री गेला.

घरात मूल गेलं की माणसं दोषी शोधतात. दुःख असंच मोकळं सोडून देता येत नाही, कुणाच्या तरी गळ्यात बांधावं लागतं. चतुराबाईनं शोधायला वेळ लावला नाही. पोराला ताप नाही, खोकला नाही, बाहेरचं काही पोटात नाही. मग फोड आले कुठून? दुधातून! बाळंतिणीनं माहेरचा कच्चा कांदा भाकरीबरोबर खाल्ला होता, हे तिला आठवलं. "दूध नासलं हिचं. पोराला आतनं जाळलं." हौसा कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिचा पदर अजून दुधानं भिजत होता.

इथं सुमनताईनं एक शब्द बोलायला हवा होता. "आई, पुरे." नेहमीचाच तो शब्द. पण ती बोलली नाही. तिला हौसाचा राग होता असं नाही. तिलाही वाटलं, असेल बाई. इतकं देखणं पोर उगीच कसं जाईल?

दोन वर्षांनी हौसाला मुलगी झाली. या खेपेला चतुराबाईनं आधीच ठरवलं होतं, दुधाची पारख केल्याशिवाय लेकराच्या तोंडाला लावू द्यायचं नाही. पारख म्हणजे काय, तर आईचं दूध वाटीत काढायचं आणि त्यात काळी मुंगी सोडायची. मुंगी पोहून काठाला लागली तर दूध चांगलं. बुडून मेली तर विखारी. हौसानं खाली मान घालून दूध काढून दिलं. वाटी सुमनताईनं धरली. शिकलेली म्हणून तिलाच साक्षीला बसवलं होतं. मुंगीनं थोडे पाय हलवले आणि ती मेली. अहो, मुंगी ती! पाण्यात टाकली तरी मरते, ताकात टाकली तरी मरते, देवाच्या पंचामृतात टाकली तरी मरते. पण त्या वाटीभोवती बसलेल्या तीन बायकांपैकी एकीच्याही डोक्यात हे आलं नाही.

"मेली," चतुराबाई म्हणाली. "बगितलंस ना गं, हौसे?"

"व्हय, आत्याबाई," हौसा म्हणाली.

मग डब्याची पावडर आली. सुमनताईनं आपल्या पगारातून आणली, काचेची बाटली आणली, रबरी बूच आणलं. वापरायचं कसं ते डब्यावर वाचून सगळ्यांना समजावलं. हौसाचं दूध आटावं म्हणून तिच्या छातीला घट्ट फडकं बांधलं, तेही सुमनताईनंच. हौसा कण्हायची आणि म्हणायची, "आवळा वन्सं, अजून आवळा. लेक वाचू द्या." पोरीचं बारसं केलं नाही. दृष्ट नको म्हणून नुसतं धोंडी म्हणायचे. धोंड्याला काही होत नाही ना, म्हणून धोंडी.

पण पावडर कालवायची ते पाणी आषाढातलं, नळाला गढूळ येणारं. बाटली उकळायची कधी व्हायची, कधी राहायची. रॉकेल संपलेलं असायचं, कुणाला तरी कामावर जायचं असायचं. धोंडीला हगवण लागली. टाळू खोल गेली, कातडी सैल पडली, आणि दुसऱ्या महिन्यातच ती गेली. तिच्याही अंगाला ताप नव्हता.

हौसा माहेरी गेली ती परत आलीच नाही. म्हणजे तिनं येणार नाही म्हटलं नाही, पण आणायला कोणी गेलं नाही. वर्षभरानं काडीमोड झाली, दौलतचं दुसरं लग्न लागलं, त्याला दोन मुलगे झाले, दोघंही आईचं दूध पिऊन टुणटुणीत. त्या वेळी कुणी मुंगी शोधली नाही. चतुराबाई अंथरुणाला खिळली होती, पुढं तीही गेली. सुमनताई कारखान्यात जात राहिली, बाटल्यांवर लेबलं डकवत राहिली. गावातल्या पोरांच्या कपाळाला हात लावणं मात्र तिनं बंद केलं. कुणी आलंच तर म्हणायची, "मला काय कळतंय? डॉक्टरकडं ने."

ऐंशी सालची गोष्ट. कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टर नीलिमाबाई नव्या आल्या होत्या. वय कोवळं, बोलणं मोकळं. पॅकिंगच्या बायकांना जेवणाच्या सुट्टीत त्या बाळ-बाळंतिणीच्या चार गोष्टी सांगायच्या. त्या दिवशी पहिल्याच बाकावर नजमा बसली होती, सुमनताईच्या शेजारची. तिच्या नणंदेला मूल झालेलं, आणि संध्याकाळी ती बघायला निघाली होती. डॉक्टरीणबाईंचं लक्ष तिच्या ओठाकडं गेलं.

"तुझ्या ओठाला फोड आलेत. बाळाला भेटायला जाऊ नकोस इतक्यात. गेलीसच तर उचलू नकोस, आणि मुका तर अजिबात घेऊ नकोस."

नजमा हसली. "अहो डॉक्टरीणबाई, ये तो बुखार का है! ताप निकल गया म्हणून आलेत. आता मी एकदम चांगली आहे."

"तू चांगली आहेस गं, पण बाळाचं काय?"

सुमनताई डब्यातली भाजी पोळीला लावत होती. तिचा हात तिथंच थांबला.

नीलिमाबाईंनी मग समजावून सांगितलं. हे फोड म्हणजे ताप बाहेर पडणं नव्हे. एक बारीक रोगजंतू असतो, तो मोठ्या माणसाच्या अंगात दडून बसतो, आणि अंग अशक्त झालं की ओठावर येतो. मोठ्या माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी त्याला आधी पाहिलेलं असतं. एकदा पाहिलेला चोर त्या विसरत नाहीत, चार फोडांवरच त्याला अडवतात. "तान्ह्या बाळाच्या रक्तातही या पेशी असतात. कमी नसतात, भरपूर असतात. पण कोऱ्या असतात. तुमच्या खात्यात नव्या पोरी भरती होतात ना, तसं समजा. हात आहेत, अंगात जोर आहे, पण मशीन कधी पाहिलेलं नाही. त्यात नऊ महिने त्यांना मुद्दाम गप्प बसवलेलं असतं. आईच्या पोटात त्या भांडायला उठल्या तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतेल. म्हणून बाहेर आल्यावरही काही दिवस त्यांना ओरडायचं कसं ते कळत नाही."

"ओरडायचं म्हंजी?" मागून कुणीतरी विचारलं.

"आपल्याला ताप येतो ना, ती पेशींनी मारलेली हाक. चोर शिरलाय, धावा, अशी. तान्ह्याच्या पेशी पुष्कळदा हाकच मारत नाहीत. म्हणून मोठ्यातलं मोठं दुखणं झालं तरी त्याला ताप येईलच असं नाही. उलट अंग गार पडतं, दूध ओढत नाही, नुसतं झोपून राहतं. लोक म्हणतात, गुणाचं बाळ!"

बायका हसल्या.

"मग त्याला सांभाळतं कोण, जर त्याचे शिपाईच मुके आहेत तर?" नजमानं विचारलं.

"आई," नीलिमाबाई म्हणाल्या. "पोटात असतानाच ती आपल्या रक्तातून शिदोरी बांधून देते, तिनं स्वतः भोगलेल्या दुखण्यांपुरती. आणि जन्मल्यावर दूध. पावडरमध्ये सगळं घालता येतं, तेवढं एक घालता येत नाही."

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. बायका उठल्या. सुमनताई डबा तसाच सोडून डॉक्टरीणबाईंच्या मागं दवाखान्यात गेली. सगळं सांगितलं. ओठ, बारसं, मुके, गार अंग, कानशिलावरचे फोड, आकडी. नीलिमाबाईंनी दवाखान्याचं दार लोटून घेतलं.

"इतक्या वर्षांनी खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही, ताई. पण लक्षणं तीच आहेत. आणि त्या काळी यावर औषध नव्हतं. आजही इथं नाही."

"आणि आईचं दूध नासतं का हो?"

"आईचं दूध नासत नाही."

"मुंगी मेली तर?"

"मुंगी बुडाली असेल, ताई."

घरी येऊन सुमनताई ओट्यावर बसली ती अंधार पडला तरी उठली नाही. आपण मारलं. आपल्या तोंडानं मारलं आणि दुसरीच्या गळ्यात बांधलं. एखादी असती तर हे पोटातच ठेवून मेली असती. पण सुमनताईला एकाच गोष्टीनं घेरलं. हौसा अजून जिवंत आहे, आणि महाळुंग्यात बसून ती स्वतःला विखारी समजते आहे. तिला सांगायला हवं. आपलं काय व्हायचं ते होवो, शिव्या देऊ दे, तोंडावर थुंकू दे, पण तिच्या डोक्यावरचं ओझं उतरायला हवं.

दौलतला सांगितलं तर तो चहाचा कप ठेवून म्हणाला, "झालं गेलं गंगेला मिळालं, ताई. आता कशाला उकरतेस? तिला बरं वाटावं म्हणून जातेयस, का तुला?"

"गप रे!" सुमनताई खेकसली. पण त्याचं बोलणं काही जिव्हारी लागायचं राहिलं नाही.

चैत्र सरत आला होता. चाकणला एसटी बदलून ती महाळुंग्याच्या फाट्यावर उतरली आणि उन्हातून चालत गेली. हौसाच्या भावाच्या अंगणात कांद्याचा ढीग पडला होता. ढिगापाशी एक बाई विळ्यानं कांद्याची पात कापत बसलेली. केस पांढरे, गाल बसलेले. पस्तिशीचीच असेल, पण सुमनताईपेक्षा म्हातारी दिसत होती. तिनं वर पाहिलं.

"वन्सं? या. बसा. पानी आनते."

रागाचा मागमूस नव्हता तिच्या आवाजात. तेच मेलं जास्त लागलं. घरात झोळीत एक पोर रडत होतं. हौसा आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली, झोळीला वळसा घालून आली.

"भाच्याचं हाय," ती म्हणाली. "तेची आय येईल रानातनं. म्या हात लावत न्हाई बारक्याला."

हेच ते ओझं, सुमनताईला वाटलं. बरं झालं आपण आलो. तिनं पाणीसुद्धा न पिता बोलायला सुरुवात केली. आधी आपला गुन्हा. ओठावरचे फोड, मुके, न आलेला ताप. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं सगळं, तिला समजेल असं. "नंदू माझ्यामुळं गेला, हौसा. मी मारला त्याला."

हौसा पात कापत राहिली. "मुका तर समदेच घेत्यात, वन्सं," एवढंच म्हणाली.

सुमनताई थुंकी झेलायला आली होती, आणि इथं शिवीही मिळेना. ती घाईनं पुढं सरकली. "आणि तुझं दूध चांगलं होतं. ऐकतेस ना? आईचं दूध नासत नाही. मुंगी बुडाली गं नुसती. कशातही बुडते."

हौसाचा विळा थांबला. "काय म्हनता?"

"खरं. डॉक्टरनं सांगितलं. तुझ्या दुधानं कुणीही मेलं नाही."

हौसानं हातातला कांदा खाली ठेवला. तिचा चेहरा हळूहळू असा उघडत गेला की सुमनताईला तवा ठेवून वाट बघणारी ती जुनी पोरगी दिसली. हौसा सरकून जवळ आली, आणि आवाज अगदी खाली आणून बोलली.

"वन्सं, येक सांगू? आजवर कुनाला सांगितलं न्हाई. धोंडीला म्या येकदा पाजलं व्हतं. चोरून. तुमी कामावर, आत्याबाई नदीला. लई आकांत केला व्हता तिनं. मला ऱ्हावलं न्हाई, फडकं सोडलं आन् घेतली. काय प्याली वन्सं! माझं बोट धरून प्याली. आन् दोन दिसांनी तिला हगवण लागली. इतकी वर्सं म्या म्हनत आले, त्या येका टायमाला म्याच इख पाजलं."

"नाही गं, नाही!" सुमनताईला रडू फुटलं, हसू फुटलं, तिनं हौसाचे दोन्ही हात धरले. शेवटी काहीतरी देता येत होतं तिला. "त्यानं नाही गेली ती. हगवण बाटलीच्या पाण्याची. तुझ्या दुधानं तर तिला बळच आलं असेल. उलट तू रोज पाजत राहिली असतीस ना, तर..."

तिनं जीभ चावली. पण ते तोंड! आयुष्यभर सगळ्यांना सगळं ठासून सांगत आलेलं तोंड, ते वेळेवर कुठलं थांबायला?

हौसा तिच्याकडं बघत होती. खेड्यातली होती, खुळी नव्हती.

"तर जगली असती," ती म्हणाली. "आसंच ना?"

"तसं नाही सांगता येत गं..."

"दूध तर व्हतं. पदर भिजायचा. तुमीच फडकं बांधलं व्हतं."

"हो."

"म्याच म्हनले व्हते, आवळा."

हौसानं आपले हात सोडवून घेतले. ती कांद्याच्या ढिगाकडं वळली. मग बोलली तेव्हा कुणाला तरी मोजून माप द्यावं तसं सावकाश बोलली.

"आजपतूर मला वाटायचं, येक दिस चुकले. बाकी समदे दिस मन मारून लेकराला वाचवायला बघितलं. तेवढं व्हतं मला, वन्सं. आता म्हंजी येकच दिस बरोबर वागले. बाकी समदे दिस ती रडत व्हती, आन् म्या तिच्याकडं पाठ करून बसले व्हते."

"हौसा, माझं चुकलं. मी यायलाच नको होतं."

"तुमचं काय चुकलं? तुमी माया केली." हौसानं विळा उचलला, पुढचा कांदा घेतला. "तुमी निदान मुका तरी घेतलात."

सुमनताई तिच्यासमोर मातीत बसली. बाळाला घे, तुझ्या हातात काही वाईट नाही, असं म्हणायचं म्हणून तिनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. आत झोळीतलं पोर रडून रडून घोगरं झालं होतं. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.